पुन्हा विचारण्याआधी

पश्चिम लंडनमधल्या लेबर पक्षाच्या एका स्थानिक शाखेची मी चिटणीस आहे. २०१६चं सार्वमत, त्यानंतर साडेतीन वर्षं चाललेली 'पुन्हा मतदान घ्या' आणि 'झालं ते झालं' यांची ओढाताण, आणि २०१९ची निवडणूक हे सगळं मी पक्षाच्या आतून पाहिलं. ब्रिटनने युरोपीय संघात राहावं म्हणून मी दारोदार फिरले होते. दुसरं सार्वमत मागणं लोकशाहीला धरूनच होतं, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. पण ते मागायचीही एक रीत असते, आणि ती इथल्या कुठल्याच पक्षाने धड पाळली नाही. सुट्टीत घरी गेलं की मंडळी विचारतात, "एवढी माणसं रस्त्यावर आली, मग पुन्हा मतदान का नाही झालं?" त्याचं उत्तर जेवताजेवता देता येत नाही, म्हणून हे लिहून काढते आहे.

१. फेरमतदानाचा नियम पहिल्या मतदानाआधीच करायचा असतो.

२३ जून २०१६ला बाहेर पडण्याच्या बाजूने १ कोटी ७४ लाख मतं पडली, राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख. टक्केवारीत ५१.९ विरुद्ध ४८.१. ज्या कायद्याने हे सार्वमत झालं तो २०१५चा. त्यात किमान टक्केवारीची अट नव्हती, आणि निकालानंतर काय करायचं याबद्दलही काही नव्हतं. कायद्याच्या भाषेत निकाल सरकारवर बंधनकारक नव्हता. पण एप्रिलमध्ये सरकारने घरोघरी जे पत्रक पाठवलं, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल. ते पत्रक मी जपून ठेवलं आहे. पुढे जेव्हा जेव्हा 'निकाल केवळ सल्ल्यापुरता होता' असा युक्तिवाद कानावर आला, तेव्हा मला ते वाक्य आठवलं. दारात उभा असलेला माणूस कायद्याचं कलम वाचून मत देत नाही, घरात आलेलं पत्रक वाचून देतो.

मतदानाआधी, आपली बाजू हरणार या भीतीने बाहेर पडण्याच्याच एका समर्थकाने संसदेच्या संकेतस्थळावर अर्ज टाकला होता: जिंकणाऱ्या बाजूला ६० टक्क्यांपेक्षा कमी मतं मिळाली आणि मतदान ७५ टक्क्यांपेक्षा कमी झालं, तर सार्वमत पुन्हा घ्या. निकाल उलटा लागला आणि त्याच अर्जावर राहण्याच्या बाजूच्या ४१ लाखांहून अधिक लोकांच्या सह्या पडल्या. निकालाच्या महिनाभर आधी बाहेर पडण्याच्या बाजूचे नेते नायजेल फराज यांनी म्हटलं होतं की आपण ५२-४८ने हरलो तर विषय संपणार नाही. आकडे तेच आले, फक्त बाजू बदलल्या, आणि दोन्हीकडच्या माणसांनी भूमिकाही बदलल्या.

या देशाला अटीचा अनुभव नव्हता असंही नाही. १९७९मध्ये स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा हवी का, यावर मतदान झालं, तेव्हा एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा पाठिंबा हवा अशी अट कायद्यात घातली होती. मत देणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के 'हो' म्हणाले, पण एकूण मतदारांच्या हिशेबात ते जेमतेम ३३ टक्के भरले. विधानसभा झाली नाही. चिडलेल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने पाठिंबा काढला, आणि पंतप्रधान कॅलाहन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१०, म्हणजे एका मताने पडलं. पुन्हा विचारलं गेलं ते १९९७मध्ये. तेव्हा ७४ टक्क्यांनी 'हो' म्हटलं आणि प्रश्न मिटला. अटीमुळे कटुता येते, हे मला मान्य आहे. पण तो राग कायद्यावर निघतो. आमच्याकडे तो शेजाऱ्यावर निघाला.

२. पहिल्या मतदानात कोणाला मत नव्हतं, हे आधी विचारा.

२०१६मध्ये माझा पासपोर्ट भारतीय होता. तरी मला मत होतं, कारण इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना ते होतं. हाउन्स्लोच्या बाजूला आमच्या गोव्याची पुष्कळ कुटुंबं आहेत. १९६१पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. ते घेऊन विमानतळावर, गोदामांत, रुग्णालयांत काम करायला ही माणसं इथे आली. स्विंडनमध्येही त्यांची मोठी वस्ती आहे.

अशाच एका दारात साठीतल्या आंटी उभ्या होत्या. दारामागे क्रूस, स्वयंपाकघरातून तिसळ्यांच्या कालवणाचा वास. मी पत्रक पुढे केलं तसा त्यांनी हात मागे घेतला. "तुमी भारतीय, तुमकां मत आसा. आमी पोर्तुगीज, आमकां ना," म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. त्यांना वाटलं मला ठाऊक नसेल म्हणून सांगितलं. ज्यांच्या कामाचा, मुलांच्या शाळेचा, इथे राहण्याच्या हक्काचाच प्रश्न होता, त्यांना मत नव्हतं. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडून युरोपीय संघाच्या इतर सगळ्या नागरिकांची हीच गत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मत द्यावं म्हणून लॉर्ड्सच्या सभागृहाने दुरुस्ती सुचवली होती, ती कॉमन्सने फेटाळली. आणि दोनच वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात त्याच वयाच्या मुलांनी मत दिलं होतं.

फेरमतदानाची चळवळ उभी राहिली तेव्हा माझी अपेक्षा होती की ती आधी मतदारयादीबद्दल बोलेल. सभांमध्ये बोलणं व्हायचंही, पण पक्षांच्या वाटाघाटींत हा मुद्दा कायम शेवटच्या पानावर. आंटींना आता कायम राहण्याचा दाखला मिळाला आहे. त्या प्रश्नावर त्यांना कोणी विचारलं नाही ते नाहीच.

३. पुन्हा विचारायचं तर समोर ठेवलेली गोष्ट बदललेली हवी, आणि ती बदलताना आधी ती नाकारणाऱ्यांचं ऐकलेलं हवं.

सगळ्यात महत्त्वाचं हेच.

आमच्या सभांत कोणीतरी हमखास म्हणायचं, "आयर्लंडने दोनदा घेतलं ना सार्वमत?" घेतलं. पण कसं घेतलं ते पाहायला हवं. जून २००१मध्ये आयरिश जनतेने युरोपीय संघाचा नीस करार ५४ टक्क्यांनी नाकारला. मतदान जेमतेम ३५ टक्के होतं. लोकांच्या मनात एक मोठी शंका होती: आपला देश युद्धात तटस्थ राहतो, या कराराने तो लष्करी आघाडीत ओढला जाईल का? सरकारने ती शंका घेऊन युरोपच्या इतर देशांशी बोलणी केली, सेव्हिलच्या बैठकीत तटस्थतेची लेखी ग्वाही मिळवली, आणि पुढच्या मतदानात राज्यघटनेत असं वाक्य घालायचं ठेवलं की सामायिक संरक्षणात आयर्लंड सामील होणार नाही. ऑक्टोबर २००२मध्ये मतदान जवळपास ५० टक्क्यांवर गेलं आणि ६३ टक्के 'हो' म्हणाले. लिस्बन कराराचं तसंच. जून २००८मध्ये ५३ टक्क्यांचा नकार. मग करआकारणी, गर्भपात आणि तटस्थता यांवर हमी मिळाली, युरोपीय आयोगात प्रत्येक देशाचा एक सदस्य कायम ठेवायचं ठरलं, आणि ऑक्टोबर २००९मध्ये ६७ टक्क्यांचा होकार. मधल्या काळात आयरिश बँका कोसळल्या होत्या; त्या भीतीचाही त्यात वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मतदाराच्या हातात काहीतरी नवं दिलं होतं.

डेन्मार्कची गोष्ट मला याहून जवळची वाटते. जून १९९२मध्ये डेन्मार्कने मास्ट्रिख्ट करार ५०.७ टक्क्यांनी नाकारला. इतका निसटता निकाल, की 'पुन्हा घ्या' म्हणायला कोणालाही जीभ रेटली असती. तिथे पक्षांनी काय केलं? संसदेतल्या आठपैकी सात पक्षांनी एकत्र बसून एक राष्ट्रीय तडजोड लिहून काढली. तिच्यात करार नाकारायला सांगणारा एक पक्षही होता. एडिनबरोच्या शिखर बैठकीत त्यातून चार सवलती मिळाल्या: सामायिक चलन नको, संरक्षण धोरण नको, न्याय-पोलिस बाबतीत वेगळी वाट, आणि संघाचं नागरिकत्व देशाच्या नागरिकत्वाची जागा घेणार नाही. मे १९९३मध्ये ५६.७ टक्के 'हो' म्हणाले. सगळं गोडीगुलाबीत झालं असं नाही. निकालाच्या रात्री कोपनहेगनच्या नोरेब्रो भागात दंगल पेटली, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं जखमी झाली. तरीही तो करार टिकला, कारण ज्यांनी 'नाही' म्हटलं होतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या सह्या नव्या कागदावर होत्या.

आता आमच्याकडे या. एप्रिल २०१८मध्ये कॅम्डनला 'पीपल्स व्होट' मोहीम सुरू झाली. बिल्ले छापले, पिवळ्या-निळ्या टोप्या आल्या. बाहेर पडण्याला मत दिलेल्या माणसाला आपण यावेळी नवं काय देणार, हा प्रश्न मी शाखेच्या बैठकीत विचारला की उत्तर यायचं, "आता त्याला खरी माहिती मिळाली आहे." माहिती त्याला पहिल्या वेळीही होती, त्याने ती वेगळ्या मापाने मोजली. कागदावर कोणते पर्याय असतील, यावरही एकमत झालं नाही. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार आणि संघात राहणं, एवढेच दोन? की कराराशिवाय बाहेर पडणं हा तिसराही? तिसरा ठेवला तर आमच्यातले अर्धे घाबरायचे, वगळला तर समोरचे म्हणणार की निकाल आधीच ठरवून टाकलात. दोघांचंही खरं होतं. त्यावर वाटाघाटी करायची तर बाहेर पडणाऱ्यांतल्या कोणाशी तरी बसावं लागलं असतं. बसायला कोणी गेलं नाही.

४. सगळ्यांना मान्य होणारा ठराव कोणालाच पुरत नाही.

सप्टेंबर २०१८, लिव्हरपूल, लेबरचं वार्षिक अधिवेशन. शंभरहून अधिक मतदारसंघांनी ब्रेक्झिटवर ठराव पाठवले होते. त्यातले पुष्कळ दुसऱ्या सार्वमताचे. या सगळ्यांचा मिळून एक ठराव करायला प्रतिनिधी एका खोलीत रात्री उशिरापर्यंत बसले. बाहेर आलं ते असं: सार्वत्रिक निवडणूक मिळाली नाही तर सर्व पर्याय खुले, त्यात जनमताचाही समावेश. दोन दिवसांनी पक्षाचे ब्रेक्झिट-प्रवक्ते केअर स्टार्मर यांनी भाषणात म्हटलं की राहण्याचा पर्याय कोणी नाकारत नाही, आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. ज्यांना हवं त्यांनी त्यात दुसरं सार्वमत वाचलं, नको त्यांनी नाही.

आमच्या शाखेत तो ठराव मी वाचून दाखवला. दोन सभासद लागोपाठ उठले. एक म्हणाला, पक्ष फेरमतदानाच्या बाजूने आला, दुसरी म्हणाली, आला नाही. मी इतिवृत्तात दोघांचंही लिहून घेतलं, कारण ठरावात दोन्ही होतं.

पुढच्या फेब्रुवारीत सात खासदार पक्ष सोडून गेले आणि आठवड्याभरात पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी सार्वमताला पाठिंबा जाहीर केला. त्यानंतर ब्रायटनच्या अधिवेशनात आतल्या दोन बाजू पुन्हा भिडल्या. हात वर करून मतदान झालं. ठराव मंजूर की नामंजूर, यावर व्यासपीठावरच गोंधळ झाला, आणि मोजणीची मागणी मान्य झाली नाही. सार्वमत पुन्हा मागणाऱ्या पक्षात हे घडावं, याचं मला फार वाईट वाटलं.

५. तत्त्व निकालाकडे पाहून ठरत असेल, तर ते लोकांना दिसतं.

स्कॉटलंडमध्ये २०१४ला ५५ विरुद्ध ४५ने स्वातंत्र्य नाकारलं गेलं. स्कॉटिश नॅशनल पार्टीला तिथलंही दुसरं सार्वमत हवं होतं आणि युरोपबद्दलचंही. लिबरल डेमोक्रॅट्सना युरोपबद्दलचं हवं, स्कॉटलंडचं नको. कॉन्झर्व्हेटिव्हांना दोन्ही नकोत. प्रत्येकाकडे कारणं होती, काही चांगलीही होती. पण ग्लासगोहून आलेल्या आमच्या एका सभासदाने विचारलं की परिस्थिती बदलल्यावर पुन्हा विचारायचं असा नियम आहे की नाही, तेव्हा त्याला सरळ उत्तर देणारं खोलीत कोणी नव्हतं.

६. मोर्च्यातली माणसं आणि सभागृहातली मतं हे दोन वेगळे हिशेब आहेत.

२३ मार्च २०१९च्या मोर्च्यात मी होते. पार्क लेनपासून पार्लमेंट स्क्वेअरपर्यंत माणूसच माणूस. आयोजकांनी दहा लाख म्हटलं. आजी-आजोबा, खांद्यावरची मुलं, हाताने रंगवलेले फलक. इतक्या शांत आणि इतक्या काळजीने आलेल्या गर्दीत मी पूर्वी कधी चालले नव्हते.

त्याच्या नऊच दिवस आधी संसदेत दुसऱ्या सार्वमताची दुरुस्ती मतदानाला आली होती. ८५ विरुद्ध ३३४. लेबरने मतदान टाळलं होतं, आणि ही वेळ नाही असं खुद्द मोहिमेनेच म्हटलं होतं. १ एप्रिलला खासदारांनी वेगवेगळ्या पर्यायांवर मतं दिली. करारावर जनतेचं मत घ्यावं, या पर्यायाला २८० आणि विरोधात २९२. सीमाशुल्क संघात राहायचं, हा कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार केन क्लार्क यांचा मधला पर्याय, २७३ विरुद्ध २७६. तीन मतं. दुसऱ्या सार्वमताच्या समर्थकांपैकी काहींनी त्या मधल्या पर्यायाला हात दिला नाही, कारण त्याने सार्वमताची निकड संपली असती. आणि मधल्या पर्यायाच्या काही समर्थकांनी सार्वमताला दिला नाही. त्या संध्याकाळी जे तीन मतांनी पडलं, त्याहून चांगलं पुढे कधीच हाती आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये तर निवडणूक तोंडावर असताना खुद्द मोहिमेच्या कार्यालयात फूट पडली. अध्यक्षांनी दोन प्रमुखांना ईमेलने दूर केलं, कर्मचारी बाहेर पडले.

७. ज्याचं मत पुन्हा मागायचं, त्याच्या दारात आधी जा.

डिसेंबर २०१९ला आम्हाला मदतीला पाठवलं ते यॉर्कशरमधल्या एका जुन्या कोळसा-खाणीच्या गावात. चार वाजता अंधार, बोटं बधिर. दाराच्या फटीतून पत्रक ढकलताना पलीकडे कुत्रं असलं तर बोटं जातात, म्हणून लाकडी उलथनं घेऊन फिरायचं. हातातल्या यादीत नावापुढे वर्षानुवर्षं 'लेबर' अशी खूण असलेली घरं.

पक्षाची भूमिका मला तोंडपाठ होती: तीन महिन्यांत नवा करार, सहा महिन्यांत सार्वमत, कोणत्या बाजूने प्रचार करायचा ते नंतर ठरेल, आणि नेते तटस्थ राहतील. दारात हे सांगायला पाऊण मिनिट लागायचं. कॉन्झर्व्हेटिव्हांचं तीन शब्दांत व्हायचं. एका घरी खाणीत काम केलेले गृहस्थ होते, छाती घरघरत होती. त्यांनी मला आत उबेत घेतलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पोरी, १९८४च्या संपात तुमच्याच लोकांनी आम्हाला दाण्यागोट्याची मदत केली, ते मी विसरलो नाही. पण मी मत दिलं, आणि तुम्ही साडेतीन वर्षं ते दारात उभं ठेवलंत." ते कोणाला मत देणार ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१२ डिसेंबरला कॉन्झर्व्हेटिव्हांना ३६५ जागा मिळाल्या, आम्हाला २०२. १९३५नंतरची आमची सगळ्यात कमी संख्या. बोल्सोव्हर गेलं, सेजफील्ड गेलं. सार्वमत न घेताच सगळं रद्द करू म्हणणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट नेत्या जो स्विन्सन स्वतः १४९ मतांनी हरल्या. देशभरातली मतं एकत्र केली तर दुसऱ्या सार्वमताच्या बाजूच्या पक्षांना निम्म्याहून किंचित जास्त मिळाली होती. ती चार-पाच पक्षांत विखुरली. एकमेकांच्या विरोधातले उमेदवार मागे घेण्याची मोठी तडजोड झालीच नाही, आणि लेबर तर त्यात उतरलाच नाही.

८. हरल्यावर सत्तेवर आलेल्यांनी काय केलं, हे आपल्याकडेही पाहता येतं.

माझे वडील सावंतवाडीचे. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावं, हा आमच्या घरातला जिव्हाळ्याचा विषय. १६ जानेवारी १९६७ला तिथे जनमत कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहणं. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून विरोधकांनी मागणी केली आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, विरोधात १,७२,१९१. चौतीस हजारांनी विलीनीकरण हरलं.

आणि दोनच महिन्यांत विधानसभेच्या निवडणुकीत त्याच बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा निवडून आला. विलीनीकरण हेच ज्या पक्षाचं मूळ, तो सत्तेवर. लोकांनी आम्हालाच निवडलं, आता कौल पुन्हा घ्या, असं म्हणायला जागा होती. तो कौल पुन्हा झाला नाही. बांदोडकरांनी शाळा, कुळकायदा यांत लक्ष घातलं. गोवा १९८७मध्ये स्वतंत्र राज्य झालं. माझ्या वडिलांना त्या निकालाचं दुःख शेवटपर्यंत होतं. पण मतदाराने पक्ष निवडणं वेगळं आणि भूमीचा प्रश्न सोडवणं वेगळं, हे ते आम्हा मुलांना बजावून सांगायचे. २०१९मध्ये दोन्ही बाजूंचे पक्ष निवडणूक आणि सार्वमत एकाच पेटीत घालायला निघाले, तेव्हा मला त्यांचं म्हणणं पुरतं कळलं.

९. आता पुन्हा विषय निघतो आहे.

२०२४च्या जाहीरनाम्यात आमच्या पक्षाने संघात, एकल बाजारात किंवा सीमाशुल्क संघात परतणार नाही, असं लिहिलं आणि मोठ्या बहुमताने सत्ता मिळवली. तरी शाखेत तरुण सभासद येतात. २०१६ला जी बारा-तेरा वर्षांची होती, ती आता मतदार आहेत, आणि त्यांना पुन्हा सामील व्हायचं सार्वमत हवं आहे. हवं असणं रास्तच आहे. मध्यंतरी एकाने तसा ठराव आणला. मी तो चर्चेला घ्यायला तयार झाले, पण चार गोष्टी लिहून आण म्हटलं: मतदारयादीत कोण असेल, किती टक्क्यांवर निकाल ठरेल, बाहेर पडण्याला मत दिलेल्यांना यात नवं काय आहे, आणि दुसऱ्या कोणत्या पक्षाची यावर सही आहे. पहिल्या दोन त्याने आठवड्यात लिहून आणल्या. तिसरीसाठी तो यॉर्कशरला जाऊन आला. चौथीवर अजून काम चालू आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या स्थानिक नगरसेवकांशी त्याची बोलणी झाली आहेत, पण सही नाही. ठराव मी पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर ठेवला आहे.